काकांचा माळा

आमच्या कंपनीत सगळे एकमेकांना नावाने हाक मारायचे. साहेबांनासुद्धा. कालची आलेली पोरं पन्नाशीच्या माणसाच्या खांद्यावर हात टाकून 'ब्रो' म्हणायची. फक्त एका माणसाला सगळे काका म्हणायचे, आणि नेमकं त्याच माणसाला ते आवडायचं नाही. "मी कोणाचा काकाबिका नाही, मी बिल्डचा माणूस आहे," असं ते म्हणायचे, आणि पुढच्याच मिनिटाला आपणहून विचारायचे, "काय गो, जेवलंस?" आता असं विचारणाऱ्याला काका नाही म्हणायचं तर काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

त्यांच्या गमती मी आजवर पुष्कळ लोकांना सांगितल्या आहेत. लग्नात, गेट-टुगेदरला, ऑफिसच्या कँटीनमध्ये. लोक पोट धरून हसतात. हसणं ओसरलं की कोणीतरी विचारतं, "मग पुढे काय झालं त्यांचं?" आणि मी म्हणते, "रिटायर झाले." हे खोटं आहे.

आमचं ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्या आवारात उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत. मी लालबागची, त्यामुळे चालत जायचे. काकाही चालतच यायचे, भोईवाड्याहून, पण त्याआधी भायखळ्याच्या मार्केटला जाऊन भाजी घेऊन. रोज. एक पिशवी लॅपटॉपची वाटावी अशी काळी आणि दुसरी भाजीची. लॅपटॉप त्यांनी कधी घेतलाच नाही. त्यांचं आपलं टेबलाखाली एक अवजड डेस्कटॉप मशीन होतं, पंख्याचा आवाज करणारं, आणि त्याला मागून निळी नेटवर्कची वायर.

बिल्ड म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोन मिनिटं सहन करा. आम्ही जो प्रोग्राम लिहितो तो एकटा चालत नाही. त्याला इतरांनी आधीच करून ठेवलेले शेकडो तुकडे लागतात. छापायचा तुकडा वेगळा, तारखा मोजायचा वेगळा, पासवर्ड तपासायचा आणखी वेगळा. हे सगळे जमवून, जुळवून, गिऱ्हाईकाच्या हातात देता येईल अशी एक वस्तू करायची, ते बिल्ड. हे काम एक टूल करतं. ते टूल इंटरनेटवरून तुकडे आणतं आणि मशीनवरच्या एका फोल्डरमध्ये ठेवून देतं, म्हणजे दरवेळी परत आणायला नकोत. त्या फोल्डरला आम्ही लोकल रेपो म्हणायचो. काका म्हणायचे, माळा. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसांचा संसार केलेला माणूस तो. माळ्याचं महत्त्व त्यांना आपण काय शिकवणार!

बिल्ड करायची त्यांची एक पद्धत होती. आधी खाली वाकून ती निळी वायर मशीनमधून उपटायची. मग बिल्ड सुरू करायचा. आणि तो संपेपर्यंत वायरचं टोक डाव्या हातात धरून बसायचं. "बाहेरून एक दाणा न आणता जो शिजतो तो माझा बिल्ड," असं म्हणायचे. "बाहेरचं आज आहे, उद्या नाही. बंद करतात मेले दुकान, आणि पाटीसुद्धा लावत नाहीत." आम्ही हसायचो. जगात सगळ्यांना चोवीस तास इंटरनेट मिळतंय, आणि हा माणूस वायर उपटून बसलाय. कोणीतरी म्हणायचं, "काका, वायर चावेल." त्यावर ते शांतपणे, "चावत नाही, पण पळून जाते. म्हणून धरलीय."

मोठा बिल्ड चाळीस मिनिटं चालायचा. तेवढ्या वेळात काका भाजी निवडायचे. वाटाणे सोलायचे, गवारीच्या शिरा काढायच्या, मेथी खुडायची. टेबलावर वर्तमानपत्र पसरून, अगदी पद्धतशीर. एकदा परदेशातल्या गिऱ्हाईकाबरोबर व्हिडिओवर मीटिंग चालू होती आणि कॅमेऱ्यात मागे काका. गिऱ्हाईकाकडच्या बाईंनी विचारलं, ते गृहस्थ काय करताहेत? साहेबांचा चेहरा पांढरा पडला. काकांनी मेथीची जुडी उचलून कॅमेऱ्याला दाखवली आणि त्यांच्या इंग्रजीत ठणकावून सांगितलं, "बिल्ड इज रनिंग, मॅडम." बाई इतक्या खूश झाल्या की पुढच्या प्रत्येक मीटिंगला आधी आजची भाजी कोणती ते विचारायच्या. साहेबांना मात्र ते लागलं. गमतीच्या माणसाला साहेब लोक मनातून कधी माफ करत नाहीत, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

आणि एकदा तर कमाल झाली. आवारात नव्या टॉवरचं खोदकाम चाललं होतं, जेसीबीने कसली तरी केबल तोडली आणि अख्ख्या इमारतीचं इंटरनेट गेलं. दोन दिवस! सगळं ऑफिस कँटीनमध्ये. कुणाचं काही चालेना, कारण प्रत्येकाच्या मशीनला काही ना काही बाहेरून आणायचं होतं. काकांना पत्ताच नाही. वायर उपटायला वाकले तर म्हणे आज वायरीजवळचा दिवा आधीच का विझलाय. बिल्ड झाला, पेनड्राइव्हवर घेतला, आणि खाली उतरून स्वतः चालत गिऱ्हाईकाकडे देऊन आले. त्या दिवशी मी त्यांना वाकून नमस्कार केला होता. खोटा, नाटकी, सगळ्यांना हसवायला. पण थोडा खराही होता हो.

पुढे मी टीम लीड झाले. आईने चाळीत पेढे वाटले. ज्या माणसाने मला बिल्ड शिकवला तो माझ्या हाताखाली आला, आणि त्याने पहिल्याच दिवशी माझ्याकडे एक गोष्ट मागितली. अर्धा दिवस.

"कशाला?"

"माळा आवरायला," काका म्हणाले. "बघ, माळ्यावर दोन जातीचा माल आहे. एक बाजारातून आणलेला. तो टाकलास तरी परत मिळतो. दुसरा मी घरी केलेला. जुन्या गिऱ्हाइकांसाठी मी हाताने बनवलेत ते तुकडे. ते जगात दुसरीकडे कुठे नाहीत. त्यांचा मूळ कोड दादरच्या ऑफिसच्या सर्व्हरवर होता, ते ऑफिस बंद झालं, सर्व्हर भंगारात गेला. आता तयार तुकडे तेवढे या फोल्डरात आहेत, बाजारच्या मालात मिसळून. आईने घातलेलं लोणचं आणि दुकानातली बरणी एकाच फळीवर. दोन फळ्या करूया. अर्धा दिवस दे. आणि घरच्या फळीचा बॅकअप लावून दे."

बॅकअपमध्ये माळा धरलेला नव्हता. परत मिळणाऱ्या वस्तूचा बॅकअप कोण घेतो?

मला ते पटलं होतं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे मी स्वतःला पुष्कळदा समजावलं की तेव्हा कळलंच नव्हतं. कळलं होतं. पण मी नवी लीड, मला आकडे दाखवायचे होते, आणि माळा आवरणं हे कुठल्याच आकड्यात बसत नव्हतं. मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात नक्की, काका." असं मी चार वेळा म्हटलं. चौथ्यांदा तर त्यांनी वाक्य पुरं करायच्या आतच.

तो गुरुवार होता. परळच्या एका हॉस्पिटलसाठी आमचा प्रोग्राम औषधाच्या बाटल्यांवरची लेबलं छापायचा. पेशंटचं नाव, औषध, किती आणि कधी. त्यात औषधाचं प्रमाण चुकीचं छापलं जात होतं, म्हणून छपाई थांबवलेली, आणि त्याची दुरुस्ती त्याच दिवशी दुपारी द्यायची होती. काका सुट्टीवर होते. म्हणजे भोईवाडा कोर्टात साक्षीला गेले होते. चाळीत नळावरून झालेल्या मारामारीची केस. मारामारी करणारे दोघे कधीचे एकत्र चहा प्यायला लागले होते, साक्षीदार बिचारा तारखांना जात होता. कोर्टात फोन बंद.

सकाळी अकराच्या सुमाराला बिल्ड अडकला. काकांच्याच मशीनवर व्हायचा तो. बघते तर डिस्क भरलेली. जागाच नाही. सगळ्यात जास्त जागा कोणी खाल्लीय? माळ्याने.

आता आमच्या धंद्यातली एक सवय सांगते. बिल्ड अडला, काही कळेनासं झालं, की लोकल रेपो उडवायचा. सरळ. दहातले नऊ जण हेच करतात. आपोआप परत भरतो तो. मीही पन्नास वेळा केलं होतं, माझ्या मशीनवर. त्यामुळे बोटं विचारायला थांबत नाहीत. माझ्या लॉगिनने मशीनवर गेले, एक ओळ टाइप केली, एंटर. तीन मिनिटांत डिस्क मोकळी, आणि मला अगदी छान वाटलं. घर झाडून काढल्यावर वाटतं ना, तसं.

वायर लावलेलीच होती. टूल भराभरा तुकडे आणायला लागलं. ओळीमागून ओळ, सगळं ठीक. आणि मग एक लाल ओळ. हा तुकडा सापडत नाही. कुठेच सापडत नाही. हॉस्पिटलच्या जुन्या लेबल-प्रिंटरशी बोलणारा तुकडा. तुकड्याच्या नावाच्या शेवटी काकांची आद्याक्षरं.

मी कोर्टात जायला हवं होतं. भोईवाडा काही लांब नाही, टॅक्सीने दहा मिनिटं. दारात उभं राहून म्हणायला हवं होतं, काका, मी माती खाल्ली. मी काय केलं? कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला. परत येऊन साहेबांना मेल टाकला: 'काकांच्या मशीनवर बिल्ड फेल होतोय, काही तुकडे मिसिंग दिसताहेत, तपासते आहे.' काय पण भाषा! मिसिंग दिसताहेत. जणू पाय फुटून निघून गेले.

शुक्रवारी सकाळी मीटिंग. साहेब, काका आणि मी. काकांनी आल्या आल्या मशीन उघडून बघितलं होतं, त्यामुळे त्यांना माळा गेल्याचं कळलं होतं. ते हाताची घडी घालून बसले होते. साहेब मात्र तापलेले, कारण हॉस्पिटलचा फोन त्यांना आला होता.

"काल मशीनला हात कोणी लावला?" साहेबांनी विचारलं.

"मी कोर्टात होतो," काका म्हणाले.

साहेब माझ्याकडे वळले. "तू?"

आणि मी म्हटलं, "मी फक्त बिल्ड का अडलाय ते बघितलं. डिस्क भरली होती, त्यामुळे झालं असेल काहीतरी."

एवढंच. दोन वाक्यं. मला वाटलं होतं खोटं बोलताना माणसाची जीभ अडखळते, घाम फुटतो. काही होत नाही. चांगली सहज बोलले मी.

साहेब काकांना म्हणाले, "की तुम्हीच परवा जागा करायला पुसलंत आणि विसरलात? होतं असं, वयानुसार."

"मी पुसत नाही," काका म्हणाले.

"बरं, ते सोडा. मुळात कंपनीच्या इतक्या महत्त्वाच्या वस्तू एका मशीनवर, एकाच फोल्डरात, फक्त तुमच्या भरवशावर? कोणाला सांगितलंत कधी? वेगळं ठेवायला हवं हे तुमच्या डोक्यात नाही आलं?"

चार वेळा सांगितलं होतं. कोणाला, ते त्याच खोलीत बसलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं, अगदी एक क्षण, आणि मी वहीत काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं? तारीख. तारखेच्या खाली परत तारीख.

काका वर्षाच्या करारावर होते. करार त्याच महिन्यात संपत होता. साहेब म्हणाले, या वेळी वाढवत नाही, आजच मोकळे झालात तरी चालेल. काका "बरं" म्हणाले आणि उठले. भांडले असते तर! हात जोडते, शिव्या दिल्या असत्या तर. साधं "बरं".

मशीनवर कोण कधी आलं याची नोंद असते. साहेबांना ती काढता आली असती. मी आठवडाभर त्या भीतीने जेवले नाही. पण कोणी बघितलंच नाही, कारण कोणाला बघायचंच नव्हतं. मेथीवाला माणूस गेला, सुटलो.

त्या दिवशी काका लगेच घरी गेले नाहीत. कागदांवर सह्या करून झाल्या होत्या अकरा वाजता, पण ते जागेवर बसून राहिले. त्यांचं टेबल माझ्या टेबलाच्या समोर, रोज आमची तोंडं एकमेकांकडे. त्या दिवशी त्यांनी खुर्ची उलटी फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून भिंतीकडे बघत बसले. जेवलेसुद्धा तसेच. निळसर चौकड्यांचा शर्ट, कॉलर मागून विरलेली. सहा वाजता उठले, आपला कप धुतला, पिशवीत टाकला आणि गेले. जाताना मला काही बोलले नाहीत. मी मनात म्हटलं, रुसलेत. म्हटलं, एवढं काय ते, करार तसाही संपतच होता. माणूस स्वतःला काय काय सांगू शकतो!

हॉस्पिटलची दुरुस्ती द्यायला आम्हाला तीन आठवडे लागले. तो तुकडा पहिल्यापासून परत लिहावा लागला. तोवर लेबलं छापणं बंद. मी एकदा तिथे गेले होते प्रिंटर बघायला, तर औषधांच्या खिडकीमागे दोन सिस्टर कागदाच्या पट्ट्या कापून, त्यावर पेनाने लिहून, बाटल्यांना डिंकाने चिकटवत होत्या. एकीच्या बोटाला फोड आला होता. ती मला म्हणाली, "तुमच्याकडे कोणीतरी पुसलं म्हणे सगळं?" मी म्हटलं, "हो, आमचे एक जुने गृहस्थ होते." हे वाक्य मी लिहिते आहे आणि माझे कान आत्ता तापले आहेत.

आणि यावर कडी म्हणजे, सहा महिन्यांनी कंपनीत दोन फळ्या झाल्या. घरचा माल वेगळ्या फोल्डरात, बाजारचा वेगळ्या, घरच्याचा रोज बॅकअप. ते प्रेझेंटेशन मी केलं. काकांचं लोणचंसुद्धा वापरलं त्यात, लोक हसले, टाळ्या पडल्या. मला बढती मिळाली. आईने परत पेढे वाटले.

सहा वर्षं गेली. मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी भायखळा मार्केटमध्ये मी वांगी घेत होते आणि मागून आवाज आला, "काय गो! जेवलंस?" सकाळी आठ वाजता! पळून जावंसं वाटलं, शप्पथ. पण हातात वांगी, गल्ली चिंचोळी, आणि काका तोंडभर हसत समोर. केस सगळे पांढरे. चाळ पाडून टॉवर झालाय, चौदाव्या मजल्यावर राहतो, चल घरी, म्हणाले. नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर त्यांनी माझी पिशवी घेतलीसुद्धा.

घर छोटं पण उजेडाचं. काकू बाहेर आल्या. काकांनी ओळख करून दिली, "ही माझी लीड. हुशार हां, एक नंबर." मग तिघं जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडायला बसलो. काकू काही काही विचारत होत्या, आई कशी आहे, लालबागचं घर आहे का अजून. सोडल्यानंतर काकांना दुसरीकडे काम मिळालं नाही हेही त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, बोलता बोलता. "या वयात कोण घेतंय? वर्षभर रोज सकाळी तयार होऊन बसायचे. मग सुटली सवय."

मला ते ऐकवेना. मी म्हटलं, "काका, तो माळा मी उडवला होता."

काकूंचा हात थांबला. काकांचा नाही.

"माका म्हायत हा," ते म्हणाले. "त्याच सकाळी कळलं. मशीनवर नोंद असते ना, कोण आलं, किती वाजता. अकरा वाजून पंधरा मिनिटं."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. चूक माझी, आणि आवाजही माझाच चढलेला. "साहेबांना सांगायचं ना तिथल्या तिथे! नोंद दाखवायची!"

"मी कशाला सांगू? तू सांगणार होतीस."

मी निवडून झालेली मेथी परत निवडायला लागले.

"सहा वाजेपर्यंत थांबलो गो," काका म्हणाले, देठ मोडता मोडता. "म्हटलं, पोरगी घाबरलीय, उठेल थोड्या वेळाने, जाईल साहेबांकडे. तोंडासमोर बसलो असतो तर तुला कठीण गेलं असतं. म्हणून खुर्ची फिरवून बसलो."

काकू उठून चहा टाकायला गेल्या. मी रडले, माफी मागितली, जे जे म्हणायचं असतं ते सगळं म्हटलं, आणि काका "असू दे, असू दे" करत राहिले. पण त्या दिवशी त्यांनी पाठ फिरवली तेव्हा मला केवढं सुटल्यासारखं वाटलं होतं, हे मी त्यांना तिथेही सांगितलं नाही.